गोळ्यांना न जुमानणारी बुरशी आणि प्रकाशाचा उपचार

मागच्या अंकात फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजेच पीडीटी, या उपचाराची थोडक्यात ओळख दिली होती. बुरशीवर प्रकाशसंवेदी रंग लावायचा, त्या रंगाला चालणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि ऊतीतल्या प्राणवायूपासून तयार होणाऱ्या जहाल रूपाने, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजनने, बुरशीच्या पेशी मारायच्या, असा हा उपचार. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

आठ महिन्यांपासून जांघेत, कमरेला अन् पाठीवर गजकर्ण आहे. मेडिकलवरून ट्यूब आणतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा दुप्पट होतं. टर्बिनाफाइनच्या गोळ्याही दोन महिने खाल्ल्या. आता बायकोला अन् पोरालाही झालंय. गोळी लागूच पडंना. ते लाइटचं करून घ्यावं का? (वाचक, रेणापूर)

आत्ता नको. आधी ट्यूबचा खोका शोधा आणि त्यावरची नावे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एक नाव असेल, तर ते स्टेरॉईड आहे. स्टेरॉईडमुळे खाज आणि लाली लगेच बसते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही बसते, आणि बुरशी खाली निवांत पसरते. चार दिवस बरे वाटून दुप्पट होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. २०१८ पासून अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी ती सर्रास मिळतात, आणि मराठवाड्यात हट्टी गजकर्ण वाढण्यात त्यांचा वाटा मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी शक्यता खऱ्या प्रतिरोधाची. भारतात सध्या पसरलेल्या बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफाइन बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला अडवते. या बुरशीच्या अनेक वाणांत त्या विकराच्या ३९३ किंवा ३९७ क्रमांकाच्या जागी बदल झालेला असतो, मग औषध तिथे बसतच नाही आणि गोळ्या कितीही खाल्ल्या तरी उपयोग शून्य. इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध वेगळ्या पायरीवर काम करते, म्हणून टर्बिनाफाइन हरल्यावरही ते बरेचदा चालते. त्याच्या साध्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्या लागतात. सोबत ॲसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर औषध नीट शोषले जात नाही. डॉक्टरांना ही गोळी सांगायची राहते आणि दोष बुरशीवर येतो.

आता तुमच्यासाठी लाइट का नको ते पाहू. एका वेळी दिव्याखाली तळहाताएवढा किंवा त्याहून थोडा मोठा भाग येतो. जांघ, कंबर, पाठ असा पसारा असेल तर प्रत्येक तुकड्याला रंग, थांबणे, प्रकाश हे सगळे पुन्हा पुन्हा करावे लागते. शिवाय ही बुरशी अंगावरच्या बारीक लवेच्या मुळाशी शिरते आणि तिथे रंग पुरेसा पोचत नाही. इटलीत २००४ साली पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर, म्हणजे आपल्याकडच्या चिखल्यांच्या प्रकारावर, ९ रुग्णांत हा उपचार करून पाहिला होता. ६ जण बरे झाले, पण त्यांतल्या बहुतेकांना चार आठवड्यांच्या आत परत झाले. वरची बुरशी मेली, खोलातली राहिली.

लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात जा आणि केओएच तपासणी करून घ्या. चट्ट्याच्या कडेचा भुसा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नुसते मलम लावण्यातही बऱ्याच चुका होतात. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, दिवसातून दोनदा लावायचे आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे. हट्टी गजकर्णाला पोटातले औषध सहा आठवड्यांहून जास्त लागू शकते. बायको आणि मुलाचा उपचार तुमच्यासोबतच सुरू झाला पाहिजे. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवा, करदोडा काढून टाका. ओला करदोडा कमरेभोवती बुरशी धरून ठेवतो.

वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मधुमेह आहे, हृदयाचे पंपिंग कमी आहे आणि यकृताचाही त्रास आहे. दोन्ही अंगठ्यांची नखे पिवळी, जाड झाली आहेत. डॉक्टर म्हणतात पोटातली औषधे देता येणार नाहीत. नखांना प्रकाशोपचार कसा करतात आणि किती फायदा होतो? (वाचक, अंबाजोगाई)

प्रकाशोपचाराचा विचार करावा अशी ही नेमकी परिस्थिती आहे. इट्राकोनॅझोल हृदय कमकुवत असताना टाळतात, टर्बिनाफाइन यकृताच्या आजारात. जागा लहान आहे आणि दिवा तिथे नीट बसतो.

पहिली गोष्ट खात्रीची. जाड, विद्रूप नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. बाकीच्यांत सोरायसिस, बुटाचा दाब किंवा जुना मार असतो आणि त्यांना प्रकाशाने काही होत नाही. नमुना नखाच्या टोकाचा न घेता, नख कापून शक्य तितक्या आतल्या कडेखालचा भुसा घ्यायचा. टोकाच्या भुशात बहुतेक मेलेली बुरशी सापडते. नमुन्याआधी काही आठवडे बुरशीचे मलम बंद ठेवायला सांगतात, नाहीतर कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहण्याची तपासणी, खोटेच निगेटिव्ह येते.

नंतर नख पातळ करायचे. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि उपचार फसला तर बहुतेक इथेच फसलेला असतो. जाड नखातून रंगही जात नाही आणि प्रकाशही. ४० टक्के युरियाचे मलम रात्री नखावर जाडसर लावून वर प्लास्टिकची पट्टी बांधतात. भोवतालच्या कातडीला आधी व्हॅसलिन लावायचे, नाहीतर तीही सोलते. साधारण आठवड्याभरात नख मऊ पडते, मग ते कानशीने किंवा यंत्राने घासून जमेल तितके उतरवतात. यंत्राने घासताना बुरशीची धूळ उडते, म्हणून मास्क हवा.

मग रंग. मेथिलीन ब्लू स्वस्त आहे आणि ब्राझीलमधल्या चाचण्यांत त्याचे २ टक्क्यांचे पाण्यातले द्रावण वापरले गेले. नख स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करायचे, द्रावण नखावर आणि कडेखाली सोडायचे, मुरू द्यायचे आणि वर उरलेला रंग टिपून घ्यायचा. रंगाचा जाड थर राहिला तर तोच प्रकाश शोषून घेतो आणि खालच्या बुरशीपर्यंत काही पोचत नाही. ‘जास्त लावला तर जास्त गुण’ हा हिशेब इथे उलटा पडतो. त्यानंतर ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, दर चौरस सेंटिमीटरला १८ ज्यूल. दिवा दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट देत असेल तर त्याला १० मिनिटे लागतात. दर १५ दिवसांनी एक बैठक, आणि हे सहा महिने.

दुसरी पद्धत अमिनोलेव्हुलिनिक ॲसिडची, म्हणजे एएलएची. २० टक्क्यांचे मलम लावून, प्रकाश लागू नये असे झाकून तीन तास ठेवतात. पेशी स्वतःच त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य तयार करतात. हे महाग पडते आणि प्रकाश चालू असताना चांगलीच आग होते. पंखा लावून, गार पाणी फवारून ती कमी करतात.

निकालाबद्दल स्पष्ट लिहितो. ग्रीसमध्ये ३० रुग्णांवर एएलएने तीन बैठका झाल्या. वर्षानंतर ४३ टक्के बरे होते, दीड वर्षानंतर सुमारे ३७ टक्के. म्हणजे निम्म्याहून कमी. तरी पोटातली औषधे बंद असलेल्या माणसासाठी हे थोडे नाही. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढते, म्हणून नवे नख दिसायला वर्ष ते दीड वर्ष लागते. तिसऱ्या महिन्यात नख तसेच दिसले म्हणून उपचार सोडू नका. मुळाशी उगवणारा स्वच्छ पट्टा पाहा.

बुरशी नखाच्या मुळातल्या पांढऱ्या चंद्रकोरीपर्यंत गेली असेल किंवा नखात पिवळा उभा पट्टा दिसत असेल, तर यश कमी मिळते. त्या पट्ट्यात बुरशीचा घट्ट गोळा असतो आणि तो आधी कोरून काढावा लागतो. वडिलांना मधुमेह आहे, तेव्हा पायाची संवेदना आधी तपासून घ्या. आग कळली नाही तर भाजलेलेही कळणार नाही. आणि कुणी १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने नख ‘साफ’ करून देतो म्हणाले, तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात रंग नसतो, फक्त उष्णता असते. पीडीटीची सोय जवळ नसेल तर नख पातळ करून त्यावर अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्सचा लेप लावणे हा घरचा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा.

आमच्याकडे घरचीच हळद आहे. हळदीतल्या करक्युमिनवर प्रकाश टाकला की बुरशी मरते असे वाचले. हळदीचा लेप लावून उन्हात बसले तर चालेल का? (शेतकरी, वसमत)

वाचले ते खरे आहे, पण लेप लावून उन्हात बसू नका. करक्युमिन प्रकाशसंवेदी आहे आणि ते सुमारे ४२५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशावर चालते. प्रयोगांत मात्र शुद्ध करक्युमिन विशिष्ट द्रावकात विरघळवून, मोजलेल्या निळ्या एलईडीखाली वापरतात. तुमच्या हळदीत करक्युमिन फार तर काही टक्के, उरलेले पिष्ट आणि तंतू. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून लेपात त्याचे कण नुसते वर बसतात आणि बुरशीच्या पेशीत शिरत नाहीत. सिंगलेट ऑक्सिजन तयार झाल्यापासून सेकंदाचे काही दशलक्षांशच टिकतो, त्यामुळे रंग बुरशीला चिकटलेला किंवा तिच्या आत असेल तरच घाव बसतो. त्यात करक्युमिन उन्हात लवकर फिकट होऊन निकामी होते. उन्हाचा डोस मोजता येत नाही, मराठवाड्याच्या मे महिन्यात तर कातडी आधी भाजेल, आणि जांघेतला घाम बुरशीला पोसेलच.

हळदीने निदान मोठे नुकसान तरी होत नाही. बावचीचे तसे नाही. कोडावर बावची लावतात म्हणून काही जण तिचे तेल गजकर्णावर लावून उन्हात बसतात. बावचीतले सोरालेन अतिनील किरणांत थेट कातडीच्या पेशींच्या डीएनएला धरते. मोठे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावरही असेच होते.

उसाचे पाते डोळ्याला लागले. आठ दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. बुरशी निघाली. थेंब चालू आहेत पण जखम भरेना. कुणीतरी हिरव्या प्रकाशाच्या उपचाराबद्दल सांगितले. करावा का? (वाचक, माजलगाव)

थेंब कुठले चालू आहेत ते आधी पाहा. ऊस, ज्वारी, पऱ्हाटी किंवा सोयाबीनच्या मळणीतला कचरा डोळ्याला लागून जी बुरशी शिरते, ती बरेचदा फ्युसॅरियम असते आणि ती अनेक औषधांना हट्टी आहे. तिच्यासाठी ५ टक्के नॅटामायसिन हे पहिले औषध. सुरुवातीला ते दर तासाला घालतात. थेंबांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन असेल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण बुरशीच्या जखमेवर स्टेरॉईड पडले की बुबुळ वितळत जाते. तूप, दूध, जिभेने कचरा काढणे यांतले काही झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कोणते जंतू शोधायचे हे त्यावर ठरते.

हिरव्या प्रकाशाचा उपचार खरा आहे. अमेरिकेत मायामीच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेत तो विकसित झाला. बुबुळाचा वरचा पापुद्रा काढून रोझ बेंगाल या गुलाबी रंगाचे ०.१ टक्क्याचे थेंब अर्धा तास घालतात. मग सुमारे ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ६ मिलिवॅटने १५ मिनिटे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५.४ ज्यूल. २०१९ साली तिथून १८ डोळ्यांचे निकाल आले. १३ डोळ्यांत तातडीचे बुबुळ-रोपण टळले. मात्र त्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना अकँथामीबा या एकपेशीय जीवाचा संसर्ग होता, बुरशीवाले थोडे होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा उपचार म्हणजे रायबोफ्लेविन आणि अतिनील प्रकाशाचे क्रॉसलिंकिंग. ते आपल्याकडे अनेक ठिकाणी मिळते, कारण बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या आजारात ते वापरतात. बुरशीच्या जखमेवर मात्र अरविंद नेत्र रुग्णालयांतल्या चाचणीत, २०२० साली, त्याचा फायदा दिसला नाही, उलट दृष्टी थोडी कमीच राहिली. कुणी ‘लाइट देऊ’ म्हणाले तर रंग कुठला आणि प्रकाश कुठला, हे दोन प्रश्न विचारा.

तुम्ही कॉर्नियातज्ज्ञ, म्हणजे बुबुळाचे खास डॉक्टर, असलेल्या मोठ्या केंद्रात लवकर जा. खोलवर गेलेल्या जखमेत प्रकाशाचा उपयोग कमी होतो. तिथे औषध बुबुळात टोचणे किंवा रोपण यांचा निर्णय वेळेत झाला तर डोळा वाचतो. हिरव्या दिव्याच्या शोधात आठवडा घालवू नका.

ऑनलाइन लाल एलईडीचे मशीन मागवले आहे. खोक्यावर ६० वॅट लिहिले आहे. बुरशीसाठी किती वेळ द्यायचे? (ब्युटी पार्लर चालक, जालना)

देऊ नका. ६० वॅट हा वीज खाण्याचा आकडा आहे. कातडीवर किती प्रकाश पडतो ते त्यावरून कळत नाही. उपचाराला दोन आकडे लागतात. एक, प्रकाशाची तरंगलांबी: मेथिलीन ब्लूच्या सौम्य द्रावणाला ६६० नॅनोमीटरच्या आसपास, एएलएला ६३५. दुसरा, कातडीवर पडणारी तीव्रता, मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. तीव्रतेला सेकंदांनी गुणून हजाराने भागले की ज्यूल मिळतात. ३७ ज्यूल द्यायचे असतील तर ५० मिलिवॅटच्या दिव्याला साधारण सव्वाबारा मिनिटे लागतात आणि ५ मिलिवॅटच्या एलईडी मास्कला दोन तासांहून अधिक. दिवा थोडा दूर गेला की तीव्रता झपाट्याने पडते. फार प्रखर केला तरी बिघडते, कारण ऊतीतला प्राणवायू भरून निघण्याआधीच संपतो आणि पुढचा प्रकाश वाया जातो. म्हणून मध्ये थांबून दोन हप्त्यांत प्रकाश देण्याची पद्धत आहे.

रंगाशिवाय नुसत्या लाल प्रकाशाने बुरशी मरत नाही, आणि रंगासह वापरणे हे डॉक्टरांचे काम. मत्स्यालयाचे किंवा कापड रंगवायचे मेथिलीन ब्लू त्वचेवर लावू नका, त्यात जड धातूंची भेसळ असू शकते. ल्युपस किंवा पॉर्फिरिया असलेल्यांना, डॉक्सिसायक्लिन चालू असलेल्यांना प्रकाशाने अपाय होतो. आपल्या सावळ्या कातडीवर सूज उतरल्यावर काळा डाग राहण्याची शक्यता जास्त. एएलएनंतर ती जागा ४८ तास उन्हापासून झाकावी लागते. गिऱ्हाइकाला हे सगळे विचारून, तपासून देणे पार्लरमध्ये होणार नाही.

बुरशी जशी औषधाला सरावते, तशी प्रकाशालाही सरावेल का? मला कॉलेजच्या प्रकल्पात हे तपासायचे आहे. (बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, धाराशिव)

सरावणे अवघड आहे. टर्बिनाफाइनचे लक्ष्य एकच विकर, तिथे एक बदल झाला की औषध निकामी. सिंगलेट ऑक्सिजन पेशीपटल, प्रथिने, न्यूक्लिक आम्ले सगळीकडे एकदम घाव घालतो. गोळ्यांना न जुमानणाऱ्या बुरशीवरही तो चालतो, तो यामुळेच. पण बुरशीकडे बचाव आहेत. कँडिडा या यीस्ट प्रकारच्या बुरशीतले औषध बाहेर फेकणारे पंप मेथिलीन ब्लूलाही बाहेर ढकलतात. गडद रंगाच्या बुरशांतले मेलॅनिन जहाल रेणूंना शोषून घेते. एकमेकांना चिकटून थरात वाढलेल्या पेशींत रंग आत जात नाही. बॅक्टेरियापेक्षा बुरशीला मुळातच जास्त डोस लागतो.

प्रकल्पासाठी कँडिडाचा साधा प्रयोगशाळेतला वाण घ्या. चार गट हवेतच: रंग आणि प्रकाश, नुसता रंग अंधारात, नुसता प्रकाश, आणि दोन्ही नाही. अंधारातला गट गाळला तर बुरशी रंगाच्या विषारीपणाने मेली की प्रकाशाने, हे सांगता येणार नाही. दिव्याखाली द्रवाचे तापमान मोजा, गरम झाले तर निकाल उष्णतेचा ठरेल. रंग मिसळल्यानंतरचे काम मंद उजेडात करा. मेथिलीन ब्लूचे द्रावण दाट केले की त्याचे रेणू जोडीने चिकटतात आणि शोषण ६६४ वरून ६१० नॅनोमीटरकडे सरकते. म्हणून सौम्य द्रावणाला ६६० चा दिवा योग्य. सरावाची चाचणी करायची असेल तर वाचलेल्या पेशी वाढवून पुन्हा तोच डोस द्या, आणि प्रत्येक फेरीत मूळ वाणही सोबत ठेवा. या उपचाराची सुरुवातही अशाच विद्यार्थ्याच्या कामातून झाली. ॲक्रिडीन रंगातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात जगतात, हे म्युनिकच्या ऑस्कर राब याने १९०० साली प्रसिद्ध केले होते.

२०२१ मधल्या काळ्या बुरशीसारख्या आजारावर हा उपचार होतो का? (वाचक, नांदेड)

नाही. म्युकरमायकोसिस, म्हणजे तीच काळी बुरशी, सायनसच्या हाडात आणि रक्तवाहिन्यांत शिरतो. लाल प्रकाश ऊतीत काही मिलिमीटरच जातो, आणि मेलेल्या ऊतीत रक्तच नसल्याने प्राणवायूही नसतो. तिथे शस्त्रक्रिया आणि ॲम्फोटेरिसिन बी हाच मुख्य मार्ग. रक्तात शिरलेल्या कँडिडा ऑरिसचेही तेच, प्रयोगशाळेत ती प्रकाशाने मरत असली तरी.

आईच्या कवळीखाली टाळू लाल होतो, दाताचे डॉक्टर बुरशी म्हणतात. मलमाने जाते, परत येते. (वाचक, परभणी)

कवळीखालच्या कँडिडावर प्रकाशोपचाराचा अभ्यास बराच झाला आहे आणि निकाल बुरशीच्या औषधाच्या जवळपास येतात. मात्र प्रकाश टाळूवर आणि कवळीच्या आतल्या बाजूवर, दोन्हीकडे द्यावा लागतो. ॲक्रिलिकच्या बारीक छिद्रांत बसलेली बुरशी नाहीतर दुसऱ्या दिवशी परत टाळूवर येते. तोपर्यंत आईंना रात्री कवळी काढून ठेवायला सांगा. कवळी ब्रशने घासून दाताच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रावणात बुडवून ठेवा, आणि ती सैल झाली असेल तर नवी करून घ्या. साखर तपासली नसेल तर तीही तपासा.